मोठ्या घराचं लेकरू

दोर्सिना कोंडाला कुणी 'बसा' म्हणत नाही. ती तुरुंगात गेली की कैदी तोंड फिरवतात आणि गावात गेली की बायका अंगणातल्या चटया गुंडाळून घेतात. तिच्या स्कूटरचा आवाज ओळखून कुत्रीसुद्धा टेकडीवरूनच भुंकत खाली येतात. लोक म्हणतात, अठरा वर्षांत तिला सवय झाली. लोकांना काय माहीत! असल्या गोष्टीची सवय होत नसते. ती फक्त तोंडावर दिसेनाशी होते.

सुंबा बेटाच्या पूर्वेला गवत वर्षातले आठ महिने घोड्याच्या रंगाचं असतं. तिथल्या बंदराच्या गावात समुद्राकडे पाठ करून एक तुरुंग उभा आहे. त्या तुरुंगाच्या बायकांच्या खोलीवर दोर्सिनानं बारा वर्षं चाव्या सांभाळल्या. मग परीक्षा दिली, पास झाली आणि परिविक्षा अधिकारी झाली. कैद्याला मुदतीआधी अटी घालून सोडायचं असलं की आधी ती त्याच्या गावी जाते. घरच्यांना विचारते, याला घ्याल का? ज्याचं नुकसान झालं त्याला विचारते, हा परतला तर चालेल का? गावच्या पाटलाचा शिक्का घेते, जामीनदाराची सही घेते आणि सगळं लिहून काढून खाली आपलं मत मांडते. माणूस सुटला की पुढं त्याच्यावर नजर ठेवायची तीही तिनंच. आत जाताना माणूस एकटाच जातो. बाहेर यायला मात्र त्याला दुसऱ्या कुणाची तरी सही लागते.

दोर्सिनाची आजी एका रांबूच्या लग्नात वधूबरोबर आली होती. म्हणजे कापडं आली, मण्यांच्या माळा आल्या, डुकरं आली, आणि चार माणसं आली. त्यातली एक ती. मोठ्या घराच्या पुरुषाला उंबू म्हणतात, बाईला रांबू. त्यांच्या ओट्यामागं जी राहतात त्यांना आता कुणी गुलाम म्हणत नाही, कायद्यानं तो शब्द कधीच पुसून टाकला. त्यांना 'घरातली लेकरं' म्हणतात. सरकारी शिधापत्रिकेवरही तसंच चढवतात: मुलगा, मुलगी. दोर्सिना अशाच एका लेकराचं लेकरू. शहरातल्या पाद्रीबाईकडं भांडी घासायला गेली, तिथं रात्रशाळेत बसली आणि परत आली नाही. तिची आई मात्र अजून तिथंच आहे, प्राईमेहा गावात, मोठ्या घराच्या मागच्या झोपडीत.

म्हणूनच पालुलूची फाईल टेबलावर आली, तेव्हा दोर्सिनानं ती दोन दिवस उघडली नाही.

पालुलू प्राईमेहाचा. छत्तीस वर्षांचा, खांद्यानं रुंद, बोलण्यात थोडका. रेड्याच्या चोरीत सहा वर्षांची सजा, त्यातली चार भोगून झालेली. चोरीला चौघं गेले होते आणि पाठवणारा पाचवा होता, हे सगळ्या मुलखाला ठाऊक होतं. कोर्टात नाव एकट्या पालुलूचं आलं आणि त्यानंही तोंडातून दुसरं नाव काढलं नाही.

भेटीच्या खोलीत तो खुर्ची तिरकी करून बसला.

"सुटल्यावर कुठं राहणार?" तिनं विचारलं.

"पत्ता तुम्हीच घाला. तुमची आई त्याच घराच्या मागं राहते ना?"

"मी तुला विचारतेय."

"मग कुठंही लिहा, बाई. फक्त तिथं नको."

"दुसरं कोण आहे तुझं?"

"कोण असणार? तुमच्या आजीला विचारा, घरातल्या लेकरांना कोण असतं ते."

दोर्सिनानं पेन खाली ठेवलं. "हे बघ. जामीनदार नसला तर राहिलेली दोन वर्षं तुला आतच काढावी लागतील."

"काढीन." पहिल्यांदाच त्यानं तिच्याकडं पाहिलं. "इथं पालुलू म्हणून हाक मारली की मी वळतो. तिथं पालुलू म्हटलं की तो वळतो."

हे दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. दोर्सिनाला कळलं. मोठ्या उंबूचं खरं नाव कुणी तोंडानं घ्यायचं नसतं, ते अंगावर येतं म्हणतात. म्हणून त्याच्या घरातलं एक लेकरू निवडायचं आणि त्या लेकराच्या नावानं उंबूला ओळखायचं, अशी रीत. प्राईमेहाच्या उंबूला सगळा मुलूख 'पालुलूचा धनी' म्हणत होता. लग्नात, मयतीला, घोड्यांच्या शर्यतीत, सगळीकडं पालुलूचा धनी. पालुलू सहा वर्षांचा होता तेव्हा त्याचं नाव काढून उंबूच्या खांद्यावर घातलं होतं, शाल घालावी तसं. आता चार वर्षं त्या नावाचं माणूस तुरुंगात होतं आणि मयतीच्या बैठकीत लोक उंबूचं नाव घेताना तोंडाशी हात नेत होते. तो हात हसू लपवायला नेलेला आहे, हे उंबूला दिसत होतं.

"म्हणूनच तो मला न्यायला टपलाय," पालुलू म्हणाला. "तुम्ही काय, त्याचं हरवलेलं परत पोचवणाऱ्या. लिहा."

ऑफिसात तेवढ्यात उंबूचं हमीपत्र येऊन पडलंही होतं. तिचे वरिष्ठ नाहाक साहेब तिमोर बेटावरचे, बदलीची वाट बघणारे. त्यांनी कागद हवेत फडकवला.

"याला म्हणतात केस! जामीनदार स्वतःहून आला, शिक्का मारलेला, पाटलाची सही. शिधापत्रिकेत नातं बापाचं. दोर्सिनाबाई, असे दहा कागद वर्षात आले तर मी माझ्या मुलीचं लग्न सुखानं लावीन."

"पाटील त्यांचा चुलतभाऊ आहे, साहेब."

"या बेटावर कोण कुणाचा चुलतभाऊ नाही? जा, गावाला भेट द्या, लिहा, पुढच्या शुक्रवारी माझ्या टेबलावर. आणि हो," साहेब जरा हळू झाले, "विभाग प्रमुखाच्या जागेसाठी तुमचं नाव वर पाठवतोय. या महिन्यात भांडण नको."

प्राईमेहाला जायचं तर दोन तास. वाटेत उंच निमुळत्या छपरांची गावं लागतात. त्यांच्या समोर दगडी थडगी, थडग्यांवर वाळत घातलेला मका. दोर्सिना गावात शिरली आणि मोठ्या घराला वळसा घालून आधी मागच्या झोपडीकडं गेली. आई मागावर बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"बसायला आलीस का लिहायला?"

"लिहायला."

"मग पुढच्या दारानं जा. मागून येतेस, लोक म्हणतील सरकारसुद्धा आता मागून येतं."

"आई, पालुलूबद्दल तुला काय वाटतं?"

"मला कशाला वाटेल? उंबूला वाटेल ते वाटेल." मागाची फळी तिनं अशी आपटली की कोंबडी उडाली. "तुझ्या वयाच्या पोरी इथं नातवंडं खेळवताहेत. तू चोरांची विचारपूस करत फिरतेस. आणि वर तो गणवेश. मेलेल्या गवताच्या रंगाचा."

दोर्सिना पुढच्या ओट्यावर गेली. लहानपणी तो ओटा तिनं शेणापाण्यानं पुसला होता, पण त्यावर कधी बसली नव्हती. आज चटई अंथरलेली होती. पाटील होता, गावातले चार म्हातारे होते, आणि खांबाला टेकून उंबू. सत्तरीचा माणूस, हसरा, पांढरे केस तेल लावून मागं वळवलेले. आतल्या बाजूला त्याची बायको, मोठी रांबू. एका मुलीनं सुपारीची करंडी आणून पुढं ठेवली. सुपारी, नागवेलीचा तुरा, चुना. आल्या-गेल्याला देतात ती. पोलिसालाही देतात, मीठ विकणाऱ्यालाही देतात. दोर्सिनानं रीत म्हणून चिमूटभर तोंडात टाकली.

मग उंबू बोलला. तास झाला असेल, आवाज न चढवता बोलला. पालुलूला त्यानं ताप आला तेव्हा मांडीवर कसं घेतलं, पहिला घोडा कसा दिला, चूक झाली पण लेकराची चूक बापानं पोटात घालायची असते. म्हातारे माना हलवत होते. दोर्सिना लिहीत होती. मध्येच तिनं विचारलं, "तो परत आल्यावर त्याला पगार काय मिळेल?"

म्हाताऱ्यांच्या माना हलायच्या थांबल्या.

"पगार?" उंबू हसला. "बाई, तुमच्या आईला आम्ही पगार देतो का? तिला आम्ही आमचं म्हणतो."

आणि मग ते घडलं. रांबू स्वतः उठली. सत्तरीकडं झुकलेली, कुणासाठी न उठणारी बाई. आतून तिनं जुनी मण्यांची करंडी आणली, दोन्ही हातांत धरली आणि दोर्सिनाच्या समोर गुडघे टेकून पुढं केली. बरोबरीच्या घरातून आलेल्या पाहुणीला करतात तसं. ती करंडी दोर्सिनाच्या आजीनं चाळीस वर्षं या बाईच्या मागून वाहिली होती.

सुंब्यावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, पहिली सुपारी पाहुण्याची असते आणि बोलणं झाल्यावर दिलेली दुसरी शब्दाची. पहिली घेतली की तुम्ही आलात. दुसरी तोंडात घातली की तुम्ही कबूल झालात. मोठी लग्नं, मोठी वैरं या दुसऱ्या सुपारीवर मिटतात. नको असेल तर करंडीला बोटं लावायची, कपाळाला लावायची, आणि हात मागं घ्यायचा. त्यात कुणाचा अपमान नसतो.

दोर्सिना नंतर स्वतःला सांगत राहिली की उन्हानं डोकं गरगरलं होतं, ध्यानात आलं नाही. खोटं. सगळं ध्यानात होतं. पण आयुष्यात कुणी तिच्यापुढं गुडघे टेकले नव्हते, आणि टेकले ते या घरानं. तिचा हात पुढं गेला. सुपारी तोंडात गेली, तुरा गेला, चुना गेला. तोंड तांबडं झालं.

"झालं," एक म्हातारा म्हणाला.

"झालं," पाटील म्हणाला आणि उभा राहिला.

उंबूनं खांबाला टेकवलेली पाठ सरळ केली.

मागं आई झोपडीच्या दारात उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "मोठी रांबू तुझ्यासाठी उठली," ती म्हणाली. "माझ्या आईनं बघायला हवं होतं गं." आणि तिनं दोर्सिनाचा हात धरला. वीस वर्षांत धरला नव्हता. दोर्सिनाला तो सोडवून घ्यावासा वाटला नाही, आणि त्याच वेळी तिला कळलं की आपण काय चघळतो आहोत.

तुरुंगाच्या भिंती जाड असतात, पण बातमीला त्या आडव्या येत नाहीत. दुसऱ्या दिवशी पालुलू भेटीच्या खोलीत आला तो उभाच राहिला.

"गोड होती का?"

"बस."

"मी विचारतो, गोड होती का? जुनी करंडी काढली म्हणे. माझ्यासाठी कुणी असली करंडी काढली नसती. तुमच्यासाठी काढली, म्हणजे मी चांगला महाग पडलो."

"पालुलू, अहवाल अजून लिहिलेला नाही."

"तोंडानं लिहून आलात की. अजून ओठ लाल आहेत. तुम्ही चाव्यांवरच बऱ्या होता, बाई. चावीवाली निदान सांगते की मी कुलूप लावतेय."

तो गेला. पहारेकऱ्यानं दार लावताना डोळा मारला आणि म्हणाला, "घरचंच भांडण दिसतंय." दोर्सिनानं त्याच्याकडं असं बघितलं की त्याचं हसू दारातच अडकलं. तिला राग आला होता. उंबूचा आला होता, रांबूचा आला होता, या तिरक्या बोलण्याच्या माणसाचा आला होता. पण सगळ्यांत जास्त आपल्या त्या हाताचा आला होता, जो विचारल्याशिवाय पुढं गेला.

ऑफिसात तिनं सांगितलं, "ज्याचा रेडा गेला त्याचा जबाब बाकी आहे."

"फोनवर घ्या," नाहाक साहेब म्हणाले.

"त्याच्याकडं फोन नाही."

"मग नाही मिळाला म्हणून लिहा."

ती गेली.

डांगा म्हाताऱ्याचं घर डोंगराच्या पलीकडं, एकटं. तो कुणाच्या घरातलं लेकरू नव्हता आणि त्याच्या घरातही असं लेकरू नव्हतं. स्वतःच्या जमिनीवरचा, स्वतःच्या तोंडाचा माणूस. कुत्री सोडून तो कुंपणाआड उभा राहिला आणि दोर्सिना स्कूटरवर पाय वर घेऊन बसली.

"कुत्री बांधा, आजोबा. सरकारी काम आहे."

"सरकारी कामालाच सोडलीत."

"पालुलूच्या सुटकेबद्दल तुमचं म्हणणं लिहायचंय."

"लिही. सडू दे. झालं? जा."

"का सडू दे?"

म्हातारा कुंपणाशी आला. "तुझ्या तोंडाला अजून त्या घराचा चुना आहे आणि तू मला का विचारतेस? माझी बायको अजून आत आहे. बघायचीय?"

दोर्सिनाला ठाऊक होतं, तरी ती आत गेली. आतल्या खोलीत कापडांच्या थरांत गुंडाळलेली म्हातारी बसवलेली होती. तिला जाऊन साडेचार वर्षं होऊन गेली होती. तिच्याबरोबर जायला ठेवलेला रेडा, शिंगं हातभर लांब, ती आजारी असतानाच एका रात्रीत गेला. रेडा नसताना माती द्यायची नाही, अशी रीत. पाहुणे येईनात, पुरणं होईना. तिच्यासमोर रोज एक वाटी मक्याची पेज ठेवत म्हातारा जगत होता.

"चोर तो नाही," डांगा म्हणाला. "तो हात आहे. चोर खांबाला टेकून बसतो, केसांना तेल लावतो. त्याला तुम्ही काय केलंत? त्याची सुपारी खाल्लीत."

"खाल्ली," दोर्सिना म्हणाली. "आणि दुसरा जामीनदार मिळाला नाही तर महिन्याभरात पालुलू परत त्याच्या दारात असेल."

म्हातारा थांबला. "नावासकट?"

"नावासकट."

"म्हणजे मयतीला तो पुन्हा छाती काढून बसणार. पालुलूचा धनी." डांगा जमिनीवर थुंकला. मग त्याच्या तोंडावर हळूहळू काहीतरी उजाडलं. ते हसू नव्हतं, पण त्याला हसण्याशिवाय दुसरं नाव नाही. "मला देतेस?"

"माणूस देत-घेत नसतात, आजोबा."

"मग काय करतात?"

"जबाबदारी घेतात."

"तीच घेतो. रागानं घेतलेली चालते का?"

"कागदावर तसा रकाना नाही."

"मग घेतो! त्याचं नाव माझ्या गोठ्यात राहील. लोक विचारतील, पालुलूचा धनी कुठाय? तर पालुलू डांगाच्या म्हशीला पाणी दाखवतोय. अहाहा!" म्हाताऱ्यानं मांडीवर थाप मारली. "माझ्याकडं रेडकू आहे. त्याला तो मोठं करील. शिंगं हातभर झाली की मी हिला माती देईन आणि त्या दिवशी तो समोर उभा राहील."

"तो नोकर म्हणून राहील. वेगळी झोपडी, गड्याचा चालू पगार, आणि जायचं म्हणाला तर अडवायचं नाही."

"मला नोकर नकोय. मला चोर हवाय."

"मग कागद नाही."

ती बाहेर उन्हात आली, म्हातारा मागोमाग आला. तासभर म्हातारा भांडला, झोपडीवरून भांडला, पगारावरून भांडला, रविवारच्या सुट्टीवरून तर दोर्सिनाच्या आजीपर्यंत पोचला. शेवटी त्यानं अंगठा दिला, इतका जोरात दाबून की कागद फाटता फाटता राहिला. किती वेळा हात उगारायचा तेही दोर्सिनानं मोजून दिलं: एकदाही नाही. मारलं तर तोच आत जाईल.

"आणि बाई," ती स्कूटर चालू करत असताना तो ओरडला, "मी तुला सुपारी दिली नाही, हे लक्षात ठेव!"

पालुलूनं ऐकलं आणि पहिल्यांदाच खुर्ची सरळ केली.

"तो मला मारील."

"मारलं तर त्याला मी आत घालीन."

"इतकं सोपं आहे?"

"नाही."

यावर तो हसला. हसला म्हणजे नाकातून हवा सोडली. "तुम्ही शब्द खाल्लात. आता ओकणार?"

"हो."

"तुमची आई?"

दोर्सिनानं फाईलची दोरी सोडली आणि पुन्हा बांधली. पालुलूनं नखं बघितली, छताकडं बघितलं. "म्हाताऱ्याचा रेडा मीच सोडला होता," तो म्हणाला. "दोर माझ्या हातात होता. आतून त्याची बायको खोकत होती." मग म्हणाला, "त्याला राग येतो तो निदान माझाच येतो. लिहा."

शुक्रवारी अहवाल टेबलावर गेला. त्यात सगळं होतं. शिधापत्रिकेतला 'मुलगा' खरोखर काय असतो, ते होतं. पगाराचा प्रश्न विचारल्यावर मिळालेलं उत्तर जसंच्या तसं होतं. आणि शेवटून दुसऱ्या परिच्छेदात: 'सदर अधिकाऱ्यानं प्राईमेहा इथं बोलणं झाल्यावर दुसरी सुपारी स्वीकारली. स्थानिक रीतीप्रमाणे याचा अर्थ संमती होतो. हे चुकलं. ही संमती कायद्यानं देण्याचा तिला अधिकार नव्हता आणि ती मागं घेतली आहे.'

नाहाक साहेबांनी चष्मा काढला. "हे कशाला लिहिलंत? कुणी विचारलं होतं?"

"उंबू हे लिहिणारच आहे, साहेब. आधी मी लिहिलेलं बरं."

"विभाग प्रमुखाची जागा गेली, समजलं का?"

"समजलं."

"तुम्ही बेटावरच्या माणसांनी एकमेकांना बुडवायचं ठरवलं की बाहेरच्यानं काय करावं," ते कुरकुरले, पण शिक्का त्यांनी मारला. शिक्का मारण्यात त्यांचा हात नेहमी त्यांच्या तोंडापेक्षा बरा होता.

उंबूची तक्रार पाच पानी आली. तिच्या सेवापुस्तकात लाल शाईनं ताकीद चढली. बाजारात तिला पाठमोरं बघून लोक थुंकायची नक्कल करू लागले; शब्द ओकणारी बाई, असं नाव पडलं. प्राईमेहाहून एका ट्रकवाल्याबरोबर निरोप आला की आईनं तिच्यासाठी विणायला घेतलेलं कापड मागावरून कापून टाकलं. सात आठवडे गेले. वरच्या मंडळानं कागद मंजूर केला: जामीनदार डांगा, मुक्काम डोंगरापलीकडं.

सुटकेच्या सकाळी फाटकासमोर दोन गाड्या होत्या. एक उंबूची, काळ्या काचांची, मागं चार माणसं उभी. दुसरी डांगानं भाड्यानं आणलेली, बाजाराची, डुकरांची. पालुलू पिशवी घेऊन बाहेर आला आणि दोन्हींच्या मध्ये थांबला. ऊन डोळ्यांत जात होतं.

उंबूनं काच खाली केली. आवाज तसाच, न चढवलेला. "पालुलू. चढ, बाळा. घरी डुक्कर मारलंय तुझ्यासाठी."

पालुलूचा पाय हलला. तीस वर्षं जो आवाज ऐकला, त्याला पाय आधी ओळखतात, डोकं नंतर. एक पाऊल गेलं. दुसरं गेलं. दोर्सिनाला त्याचा हात ओढावासा वाटला. पण तिनं ओढला असता, तर तोही एक हुकूमच झाला असता. ती जागची हलली नाही. फक्त कागद उघडून मोठ्यानं वाचू लागली, रस्त्यावरच्या फळवाल्यांनाही ऐकू जाईल असं: "कैदी पालुलू. मुक्काम, डांगा यांच्याकडं. वेगळी झोपडी. चालू पगार. महिन्यातून एकदा माझ्यापुढं हजेरी. हजेरी चुकली तर उरलेली दोन वर्षं आत. दुसऱ्या कुठल्याही घरी मुक्काम केला तर उरलेली दोन वर्षं आत."

पालुलू थांबला. त्यानं वळून विचारलं, "ही धमकी आहे का?"

"हो," दोर्सिना म्हणाली.

"मग बरं." तो उंबूकडं वळला, त्याच्या डोळ्यांकडं नाही, गाडीच्या चाकाकडं बघत म्हणाला, "मला परवानगी नाही." आणि उलटा फिरला.

डांगा शिव्या देत गाडीजवळ उभा होता. "लवकर चल, चोरा. तुझं तोंड बघायला आलो नाही. मागं चढू नको! मागं माझी डुकरं आहेत, त्यांना तुझी संगत नको. पुढं बस."

पालुलू पुढं बसला. दोघांमध्ये वीतभर अंतर होतं आणि दोघंही समोरच्या काचेतून रस्त्याकडं असे बघत होते, जणू रस्त्यानंच त्यांचं वाईट केलं होतं. गाडी गेली.

उंबूच्या गाडीच्या मागच्या काचेआड दोर्सिनाला आईचा चेहरा दिसला. तिला मुद्दाम आणलं होतं. तिनं डोक्यावर चांगलं कापड घेतलं होतं, मोठ्या घराच्या गाडीत पहिल्यांदा बसायचं म्हणून. दोर्सिना काचेशी गेली.

"आई, माझ्याकडं चल. खोली आहे."

"मी कुणाच्या खोलीत जात नाही," आई म्हणाली. "माझं घर आहे."

"बाई," उंबू म्हणाला, आता प्रथमच त्याच्या आवाजाला धार आली, "आजपासून तुमचा पाय प्राईमेहात पडता कामा नये. आईला माती द्यायलाही नाही."

दोर्सिनानं खांद्यावरची पिशवी पुढं घेतली. आतून दोन फायली काढल्या, नावं बघितली, परत ठेवल्या.

"बुधवारी येते," ती म्हणाली. "तुमच्या शिधापत्रिकेवरची आणखी दोन मुलं आत आहेत."

काच वर गेली. गाडी वळली आणि धूळ उडाली. फाटकातल्या पहारेकऱ्यानं विचारलं, "झालं का, बाई? लावू?"

"लाव," दोर्सिना म्हणाली, आणि स्कूटरला लाथ मारली. ती तिसऱ्या लाथेला चालू झाली.